ब्याण्णव यार्डांचे अवधान

२२ जानेवारी १९८९. मायामीच्या जो रॉबी स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या विजेतेपदाचा सामना, तेविसावा सुपर बोल, शेवटच्या वळणाला लागला आहे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे अकरा खेळाडू आपल्याच आठ यार्डांच्या रेषेमागे डोक्याला डोके लावून हडलमध्ये उभे आहेत. सिनसिनाटी बेंगल्स १६, फोर्टीनाइनर्स १३. घड्याळात तीन मिनिटे दहा सेकंद. आणि समोर ब्याण्णव यार्डांची हिरवळ. संघाची चढाई चालवणारा क्वार्टरबॅक जो मोंटाना आता पहिली चाल सांगणार, एवढ्यात त्याची नजर मैदानापलीकडच्या गर्दीत कुणावर तरी स्थिरावते, आणि हॅरिस बार्टन या धिप्पाड पण त्या क्षणी पुरत्या कासावीस झालेल्या सहकाऱ्याला तो सहज सांगतो की, तो बघ, तिकडे विनोदी नट जॉन कॅन्डी उभा आहे.

ही हकीकत अमेरिकेत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. मोंटानाला ‘जो कूल’ म्हणत, त्याच्या थंड डोक्याचा हा सर्वात लाडका दाखला. पण आपण ती हातात घेऊन जराशी प्रकाशाकडे फिरवून पाहिली, तर तिच्यात थंडपणाहून वेगळे काहीतरी चमकताना दिसते. ज्याला भयाने ग्रासले आहे त्याची दृष्टी आक्रसते. त्याला पुढचे पाऊल तेवढे दिसते, कधी तेही दिसत नाही. इथे मात्र पंचाहत्तर हजारांच्या कोलाहलात एका माणसाची दृष्टी इतकी मोकळी आहे की, तिला मैदान दिसते, घड्याळ दिसते, समोरच्या वाघपट्ट्यांच्या शिरस्त्राणांची मांडणी दिसते आणि गर्दीतला एक ओळखीचा चेहराही दिसतो. याला आपल्या परंपरेत अवधान म्हणतात. पुढच्या अकरा चालींचे सारे सौंदर्य या अवधानातून उमलत गेले आहे, असे मला वाटते. आणि म्हणूनच त्या चढाईचे, चेंडू कुठून कुठे गेला एवढ्यावर न थांबता, सावकाश रसग्रहण करावेसे वाटते.

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. मैदान शंभर यार्डांचे. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, तेवढे साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि असे करत प्रतिस्पर्ध्याच्या एन्ड झोनमध्ये चेंडू पोहोचला की टचडाउनचे सहा गुण. तिथवर जाणे जमत नसेल तर दुरून लाथेने चेंडू दोन खांबांच्या मधून धाडायचा, त्या फील्ड गोलचे तीन. त्या संध्याकाळी तीन गुणांची पिछाडी होती, म्हणजे फील्ड गोल पुरेसा होता बरोबरीसाठी आणि टचडाउन हवे होते विजयासाठी. या दोन शक्यतांमधल्या अंतरात त्या चढाईचे नाट्य साठवलेले आहे.

अमेरिकेत हा खेळ आठवड्याच्या तालावर चालतो. शनिवारी महाविद्यालये खेळतात, रविवारी व्यावसायिक संघ, सोमवारी रात्री उरलेला एखादा सामना. आणि मग पुढचा शनिवार उजाडेपर्यंत वर्तमानपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि कोपऱ्यावरचे केशकर्तनालय यांत एकच चर्चा: कुणाचा क्वार्टरबॅक चढला आणि कुणाचा उतरला. या साप्ताहिक न्यायासनापुढे खुद्द मोंटानालाही १९८८ च्या हंगामात उभे राहावे लागले होते. दोन सुपर बोल जिंकून देऊनही तो आता बत्तीस वर्षांचा झाला होता, १९८६ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि स्टीव्ह यंग नावाचा चपळ, तरुण डावखुरा त्याच्या जागेसाठी सज्ज उभा होता. संघ सहा जिंकून पाच हरला तेव्हा प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी कुणाला खेळवावे यावर आठवड्यामागून आठवडे निकाल दिले गेले. त्यानंतर संघ सावरला, दहा विजय आणि सहा पराभवांवर थांबला, मिनेसोटाला हरवून आणि शिकागोच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत बेअर्सना २८–३ असे नमवून मायामीला पोहोचला.

या साप्ताहिक परीक्षणाची आवडती मोजपट्टी म्हणजे पासर रेटिंग. १९७३ पासून रुजलेल्या या सूत्रात पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, दर पासामागचे यार्ड, टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले चेंडू या चार गोष्टी घुसळून एक आकडा काढतात, आणि तो कितीही चढला तरी १५८.३ च्या पुढे जात नाही. त्या संध्याकाळी मोंटानाने ३६ पैकी २३ पास पूर्ण केले, ३५७ यार्ड मिळवले, दोन टचडाउन दिले, एकही चेंडू शत्रूहाती जाऊ दिला नाही. सूत्राने त्याला ११५.२ गुण दिले. आकडा खरा आहे आणि मानाचाही आहे. पण सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांतला आठ यार्डांचा पास आणि शेवटच्या तीन मिनिटांतला आठ यार्डांचा पास त्याच्या लेखी एकच. रसिकाच्या लेखी ते एक नाहीत. एकच स्वर सुरुवातीला लागतो तेव्हा आणि समेच्या तोंडाशी लागतो तेव्हा त्याचा अर्थ पालटतो, हे आपल्या कानांना कुणी शिकवावे लागत नाही.

आता चढाईच्या पायऱ्या एका ओळीत मांडून पाहू: आठ, सात, सात, एक, चार, सतरा, तेरा, मग एक वाया गेलेला पास, मग दहा यार्डांचा दंड, मग सत्तावीस, आठ आणि दहा. या ओळीत दिपवून टाकणारे काय आहे? जवळजवळ काहीच नाही. साठ यार्डांवरून आकाशात धनुष्याकार जाणारा, सारे स्टेडियम उभे करणारा असा एकही पास तिच्यात नाही. वेळ संपत आलेला संघ सहसा दूर फेकतो, कारण दूर फेकण्यात निदान काहीतरी केल्याचे समाधान असते. मोंटाना मात्र जवळ फेकतो, आणि पुन्हा जवळच फेकतो. नऊपैकी आठ पास पूर्ण, त्यांचे मिळून सत्त्याण्णव यार्ड, दोन धावांचे पाच, त्यांतून दंडाचे दहा वजा: बरोबर ब्याण्णव. हिशेब इतका नेटका की, एखाद्या छंदोबद्ध श्लोकात मात्रा मोजून पाहाव्यात आणि त्या शेवटच्या अक्षराशी जुळाव्यात, तसा आनंद तो पडताळताना होतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली आणि रसाने सिद्ध झालेल्या काव्याचे प्राणतत्त्व औचित्यात आहे असे प्रतिपादन केले. अलंकार कितीही मोलाचा असो, तो आपल्या जागी नसेल तर शोभत नाही, उलट हसे करतो. मोंटानाच्या खेळाला लावण्यासाठी याहून चपखल निकष मला सुचत नाही. त्याचा हात त्या काळच्या क्वार्टरबॅकांत सर्वांत बलवान नव्हता. १९७९ च्या निवडीत तो तिसऱ्या फेरीपर्यंत, ब्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, यामागे हेही एक कारण होतेच. पण कोणता चेंडू, कुणाला, किती वेगाने आणि नेमका कधी, या चार प्रश्नांची उत्तरे तो ज्या सहजतेने एकाच श्वासात देत असे, ती पाहताना हाताच्या बळाचा विचारही मनात येत नाही.

पहिला पास रॉजर क्रेगला, मधोमध, आठ यार्ड. दुसरा जॉन फ्रँकला, सात यार्ड. हा फ्रँक या सामन्यानंतर खेळ सोडून वैद्यकशास्त्र शिकायला गेला आणि डॉक्टर झाला. तिसरा जेरी राइसला, कडेच्या बाजूला, पुन्हा सात. या तीन पासांकडे पाहताना आपण चेंडूवरची नजर काढून मोंटानाच्या पायांवर ठेवावी. चेंडू हाती येताच तो मागे सरतो, ती पावले मोजलेली आहेत. शेवटचे पाऊल टेकते त्याच क्षणी पुढे धावणारा खेळाडू आपल्या ठरलेल्या वळणावर येतो, आणि चेंडू सुटतो तेव्हा बहुधा त्या खेळाडूने मागे वळून पाहिलेलेही नसते. पावलांची लय आणि धावेची लय एकमेकींत गुंफलेली आहे. जो पोहोचला आहे त्याला चेंडू द्यायचा नसून जिथे तो पोहोचणार आहे त्या जागेला द्यायचा, आणि तोही असा की पळता पळता, वेग न मोडता छातीशी यावा. आठ यार्डांच्या पासात हे सारे असते, आणि धावफलकावर मात्र फक्त आठ उमटतात.

ही पद्धत वॉल्श यांची, आणि तिची जन्मकथा त्या संध्याकाळी एका गोड विरोधाभासासह मैदानावर उभी होती. १९६९ मध्ये सिनसिनाटीकडे ग्रेग कुक नावाचा अफाट ताकदीचा तरुण क्वार्टरबॅक होता. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला आणि त्याची कारकीर्द अकाली मावळली. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरच्या हातात दूरचा पास नव्हता. तेव्हा सिनसिनाटीत साहाय्यक प्रशिक्षक असलेल्या वॉल्श यांनी त्या उणिवेभोवतीच नवी रचना विणली: जवळचे, अचूक, वेळेशी बांधलेले पास, मैदानाच्या लांबीऐवजी रुंदीचा वापर, आणि चेंडू मिळाल्यानंतर धावायला मोकळी वाट. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ही रचना बहरली आणि वेस्ट कोस्ट ऑफेन्स या नावाने जगजाहीर झाली. तिचा पाळणा मात्र हलला होता ओहायो नदीकाठी, बेंगल्सच्याच घरी. मायामीत बेंगल्सचे प्रशिक्षक होते सॅम वाइश, जे एकेकाळी सिनसिनाटीत वॉल्श यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळले होते आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोत तरुण मोंटानाला शिकवणारे साहाय्यक होते. म्हणजे त्या ब्याण्णव यार्डांवर आक्रमण आणि बचाव हे एकाच घराण्याचे दोन गायक समोरासमोर बसावेत तसे होते. पुढची जागा कोणती येणार हे दोघांनाही ठाऊक, आणि तरीही ती अशी घ्यायची की समोरच्याने मान डोलवावी.

पासांच्या मध्ये क्रेगच्या दोन धावा आहेत, एका यार्डाची आणि चार यार्डांची. वर्णन करणारे बहुतेक जण त्या गाळून टाकतात. पण वेळ संपत असताना चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायला सांगणे यातला आत्मविश्वास लक्षात घ्यायला हवा. या दोन धावांनी बचावाला सांगितले की, आम्हाला घाई नाही. आम्ही अजूनही आमचा नेहमीचाच खेळ खेळत आहोत. त्यामुळे बचावपटूंना मागे मागे सरून फक्त पासांची वाट पाहत बसता आले नाही. चेंडू आपल्याच पस्तीस यार्डांच्या रेषेवर आला, आणि मग पट थोडा उघडला: राइसला सतरा यार्ड, मैदानाचा मध्य ओलांडून, लगेच क्रेगला तेरा. बेंगल्सच्या अंगणात, पस्तिसाव्या यार्डावर, फोर्टीनाइनर्स येऊन उभे राहिले.

आणि इथे, सारे काही इतके सुरळीत चालले असताना, तो एकमेव वाया गेलेला पास येतो. मला ही चढाई प्रिय आहे ती या एका रिकाम्या चेंडूमुळे. गोंगाटात आपली हाक सहकाऱ्यांना ऐकू जावी म्हणून मोंटाना प्रत्येक चालीपूर्वी जिवाच्या आकांताने ओरडत होता. ओरडून ओरडून त्याचा श्वास इतका जलद झाला की डोके हलके पडले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्याने कडेला उभ्या वॉल्शकडे पाहून टाइमआउटची परवानगी मागितली. वॉल्श यांना कारण कळले नाही आणि त्यांनी खुणेने पुढे चालू ठेवायला सांगितले. चढाईला निघालेल्या कबड्डीपटूचा दम ऐन मध्यरेषेपलीकडे सुटावा, तशी ती अवस्था. अशा क्षणी धाडसी माणूस आपल्या धाडसावर भिस्त ठेवून चेंडू गर्दीत भिरकावून देतो. मोंटानाने राइसच्या डोक्यावरून, कुणाच्याही हाती लागणार नाही असा, मैदानाबाहेर चेंडू फेकून दिला. पस्तीस यार्डांपासून पुढे जाण्याची एक संधी त्याने जाणूनबुजून रिकामी सोडली, आणि त्या रिकामेपणात श्वास परत मिळवला. औचित्याचा हा सर्वात अवघड प्रकार: आपण आत्ता चांगले करू शकणार नाही हे वेळेत ओळखणे, आणि निदान वाईट होऊ न देणे. ‘जो कूल’ची दंतकथा इथे गळून पडते. हा माणूस धापा टाकत होता, घेरी येण्याच्या काठावर होता. त्याचे अवधान तेवढे शाबूत होते.

शरीर ऐनवेळी रुसते तेव्हा त्याची समजूत कशी घालायची, हा धडा तो महाविद्यालयीन दिवसांतच शिकला होता. १ जानेवारी १९७९ रोजी डॅलसच्या कॉटन बोलमध्ये, नोत्र दामकडून ह्यूस्टनविरुद्ध खेळताना, बर्फाळ वाऱ्यात त्याचे अंग इतके गारठले की मध्यंतरानंतर त्याला मैदानात उतरताच आले नाही. आत ब्लँकेटांत गुंडाळून, कोंबडीचे गरम सूप पाजून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. तो परतल्यावरही संघ शेवटच्या आठ मिनिटांत १२–३४ असा मागे होता. शेवटच्या सेकंदांत त्याने क्रिस हेन्सला कोपऱ्यात पास दिला, तो हुकला. आणि उरल्यासुरल्या दोन सेकंदांत त्याने तीच चाल, त्याच खेळाडूला, पुन्हा दिली. सामना ३५–३४. हुकलेली गोष्ट लगेच पुन्हा करून पाहण्यासाठी जो निर्मळपणा लागतो, तो आपल्याला दहा वर्षांनी मायामीत पुन्हा भेटतो.

वाया गेलेल्या पासानंतर लगेच दंड आला: मोंटानाचा सहकारी रँडी क्रॉस नियमापलीकडे पुढे सरकला होता, संघ दहा यार्ड मागे, पंचेचाळीसवर. दुसऱ्या प्रयत्नात आता वीस यार्ड हवेत आणि उरला आहे जेमतेम सव्वा मिनिट. संपूर्ण चढाईतली ही एकच जागा आहे जिथे लहान पासांचे गणित अपुरे पडावे. तरीही मोंटाना दूरवर फेकत नाही. तो राइसला मध्यभागी, बचावपटूंच्या तीन सावल्या जिथे एकमेकींना भिडतात त्या अरुंद जागेत, वाजवी अंतरावरचाच पास देतो. उरलेले यार्ड राइस पायांनी मिळवतो, तिघांच्या मधून असा निसटत की आपण पुन्हा पुन्हा पाहिले तरी त्याने वाट नेमकी कुठे काढली ते दर वेळी नव्यानेच उमगते. सत्तावीस यार्ड. चेंडूतला संयम फेकणाऱ्याचा आणि झेलानंतरची झळाळी झेलणाऱ्याची. या दोहोंच्या संगमालाच वॉल्श यांची रचना म्हणायचे. मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या लहानशा महाविद्यालयातून आलेल्या राइसने त्या दिवशी अकरा झेल घेतले, २१५ यार्ड मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला; तो योग्यच होता.

आता चेंडू अठराव्या यार्डावर आहे, म्हणजे बरोबरी साधणारा फील्ड गोल हाताच्या अंतरावर. सावध संघ इथे चाल आवरती घेतो. पण त्या दिवशी फोर्टीनाइनर्सच्या माइक कोफरचे दोन फील्ड गोल आधीच हुकले होते, त्यांतला एक अगदी जवळून; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या चढाईची आंतरिक गती बरोबरीवर विसावणारी नव्हतीच. क्रेगला आठ यार्डांचा पास, टाइमआउट, एकोणचाळीस सेकंद, दहा यार्ड. सात पास पूर्ण झाले आहेत आणि अजून बेंगल्सना ही चढाई थोपवण्याची नामी संधी एकदाही दिली गेलेली नाही.

शेवटची चाल क्रेगसाठी रचलेली होती. पण क्रेग चुकीच्या बाजूला उभा राहिला, मांडणी किंचित बिघडली. दुसरीकडे राइस चेंडू सुटण्यापूर्वी आडवा सरकत गेला आणि दिवसभर त्याने पोळलेल्या बचावाच्या नजरा साहजिकच त्याच्यामागे ओढल्या गेल्या. उरला जॉन टेलर. संपूर्ण सामन्यात त्याला तोवर एकही पास मिळालेला नव्हता. त्याच्या नावावर होती ती बेंगल्सने लाथाडलेला चेंडू परत आणताना घेतलेली पंचेचाळीस यार्डांची धाव. तो एन्ड झोनच्या मध्याकडे सरळ निघाला, आणि मोंटानाने ठरलेला नायक सोडून या विसरलेल्या पात्राकडे, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत, मागे-पुढे हातभरही चूक न होऊ देता चेंडू धाडला. चौतीस सेकंद उरले असताना टेलरने तो झेलला. मोंटानाचे दोन्ही हात वर गेले. वीस विरुद्ध सोळा. ज्या दृष्टीला पहिल्या चालीआधी गर्दीतला नट दिसला होता, तिला शेवटच्या चालीत दिवसभर कुणी न पाहिलेला टेलर दिसला. हे दोन्ही एकाच अवधानाचे खेळ आहेत, आणि मला त्या दंतकथेचे खरे मोल इथे कळते.

पण कोणतीही रसनिष्पत्ती एकट्याच्या हाताने होत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचा वाटा विसरून केलेले कौतुक अर्धेच राहते. मध्यंतराला ३–३ अशी बरोबरी होती, ती सिनसिनाटीच्या बचावाने राखली होती. त्यांचा आधारस्तंभ टिम क्रमरी पहिल्याच सत्रात पाय मोडून बाहेर गेल्यानंतर राखली होती. स्टॅनफोर्ड जेनिंग्सने त्र्याण्णव यार्ड पळत जाऊन त्यांचा एकमेव टचडाउन मिळवला, आणि जिम ब्रीचने तीन फील्ड गोलांनी बाकीची कामगिरी केली. दैवही होतेच. चौथ्या सत्राच्या आरंभी बेंगल्सच्या लुइस बिलप्सच्या हातात, एन्ड झोनमध्ये, मोंटानाचा चेंडू आला होता आणि निसटला होता. पुढच्याच चालीत मोंटानाने राइसला टचडाउन दिला आणि १३–१३ झाले. तो झेल टिकला असता तर आज आपण या ब्याण्णव यार्डांविषयी बोलत नसतो. मात्र असा विचार करूनही चढाईचे सौंदर्य उणावत नाही. उलट तिच्या तळाशी असलेली ही नाजूक शक्यता कळल्यावर प्रत्येक आठ यार्ड अधिक मौल्यवान वाटू लागतात.

सामन्यानंतर वॉल्श यांनी प्रशिक्षकपद सोडले; ती त्यांची फोर्टीनाइनर्ससोबतची शेवटची संध्याकाळ ठरली. पुढच्याच वर्षी याच संघाने, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, डेन्व्हरला ५५–१० असे चिरडले आणि मोंटानाने चौथा सुपर बोल जिंकला. आकड्यांच्या तराजूत तो सामना कितीतरी जड भरतो. पण त्यात विजयाचा उन्माद आहे, उत्कंठेचा रस नाही; तिथे सारे काही अलंकृत आहे आणि इथे सारे काही आवश्यक आहे. रसिकाला निवड करायला सांगितली तर तो चौतीस सेकंद उरलेल्या विजयापाशीच रेंगाळेल.

या सामन्याचे चित्रण सहज पाहायला मिळते आणि ती अखेरची चढाई उरकायला फार वेळ लागत नाही. तेव्हा नियम पुरते ठाऊक नसले तरी एकदा ती पाहाच. पण तीन वेळा पाहा. पहिल्यांदा चेंडूकडे पाहा, कारण ते टाळता येणारच नाही. दुसऱ्यांदा चेंडू विसरा आणि फक्त मोंटानाच्या पायांची लय पाहा. तिसऱ्यांदा कुणाकडेच चेंडू जात नाही असा तो रिकामा पास येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच्या सत्तावीस यार्डांकडे पाहा. आठवड्याच्या निकालपत्रांत क्वार्टरबॅकची किंमत आकड्यांनी ठरते आणि ठरत राहील. या तीन मिनिटांत ती ठरली काय पाहिले आणि काय टाळले यावरून, आणि माझ्या मते या खेळात याहून देखणी चढाई दुसरी झालेली नाही.